सहा फुटांवरचे व्याही

२०१२ साली मी बासष्ट वर्षांचा होतो आणि तोपर्यंत माझी पक्की समजूत होती, की अख्ख्या पुणे शहरात माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही. त्या साली माझ्या मुलाचं लग्न ठरलं, मला व्याही मिळाले आणि मी दुसऱ्या नंबरावर गेलो. हे मी आनंदानं सांगत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांचं मन मोडू नये म्हणून. बिबवेवाडीत रिक्षाचे हूड आणि सिटा शिवायचं माझं दुकान आहे, दुकानावर घर, घरावर गच्ची. व्याही म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, धायरीला फ्लॅट, पत्नी मुलीच्या लग्नाआधीच गेलेली, रोज पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यात चुका काढणारे. शिकलेली माणसं मी कमी पाहिलेली नाहीत, निम्म्या पुण्यातली माझ्याच सिटांवर बसून हपिसात गेली. पण हा माणूस वेगळा होता. हा माणूस जगाकडे फक्त लांबूनच बघायचा.

त्यांच्या गळ्यात कायम एक जुना रोलचा कॅमेरा असे, आणि त्या कॅमेऱ्याच्या तोंडाला एक काळी, वीतभराहून लांब, लोखंडासारखी जड लेन्स. तिला ते 'टेलिफोटो झूम' म्हणत. दर वेळी पूर्ण नाव घेत, जसं आपण घरच्या मोठ्या माणसाचं घेतो. लांबचं जवळ आणायचं हे तिचं काम. स्टोव्हला पंप मारावा तशी तिची कडी मागेपुढे ओढायची, की समोरचा डोंगर कॅमेऱ्यात येऊन बसतो. आमच्या घरात मात्र तिला 'बत्ता' म्हणतात. आमच्या हिनं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लसूण ठेचायला बरी आहे." तेव्हापासून व्याही घरात शिरताना लेन्स स्वयंपाकघराच्या उलट्या बाजूच्या खांद्याला अडकवतात. लेन्स म्हातारी झाली होती. तोंड खाली केलं की नळी आपली आपण सरकून लांब होई. लग्नाच्या मांडवात भटजी 'सावधान' म्हणायला आणि ही नळी एकदम बाहेर यायला एकच गाठ पडली, आणि मुलीकडच्या एक आजी दचकून खुर्चीवरून उठल्या. मग मी रिक्षाच्या ट्यूबची एक चकती कापून तिला कंबरपट्ट्यासारखी बसवून दिली. कॅमेऱ्याच्या दुकानात यावर इलाज नव्हता असं नाही. पण तिथला पोरगा व्याह्यांना एकदा 'काका' म्हणाला होता, म्हणून ते पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

त्यांची माझी पहिली भेटही त्या लेन्समधूनच झाली, आणि तीही मला न कळवता. मुलानं घरी सांगितलं होतं, की अशी अशी मुलगी आहे, तिचे वडील तुम्हाला भेटायला येतील. ते काही येईनात. इकडे दुकानासमोरच्या अमृततुल्यात रोज सकाळी एक बुशशर्टवाले गृहस्थ बसायला लागले आणि एक काळी नळी माझ्यावर रोखायला लागले. मी म्हटलं, झालं, अतिक्रमणवाले आले. फुटपाथवर माझं एक बाकडं असतं, ते मी पहिल्या दिवशी आत घेतलं. दुसऱ्या दिवशी पुढे आलेलं पत्र्याचं छप्पर वळवून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुकानापुढचा फुटपाथ झाडला, जो मी जन्मात कधी झाडला नव्हता. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हटलं, "साहेब, अजून काय काय काढायचंय ते एकदाच सांगा."

ते उठून दोन पावलं मागे गेले. म्हणाले, "मी मुलीचा बाप. तुमचा मुलगा मला बघायचा नव्हता. तो मुलीनं बघितलाय. मला त्याचा बाप बघायचा होता."

"मग घरी यायचं. चहा झाला असता."

"घरी गेलं की माणूस चहा पाजतो. तो कसा आहे ते कळत नाही."

"मग काय कळलं?"

"सुई एका फटक्यात ओवता. गिऱ्हाइकाशी भांडताना हात खाली ठेवता. मुलगी द्यायला हरकत नाही."

साखरपुड्याला त्यांनी मला एक फ्रेम दिली. काळापांढरा फोटो. त्यात मी दुकानात मांडी घालून बसलोय, एक डोळा मिटलाय, जीभ जराशी बाहेर आलीय आणि सुईच्या नाकात दोरा निम्मा आत गेलाय. तो दोरा दिसतो. रस्त्यापलीकडून काढलेल्या फोटोत दोरा दिसतो, ही काय गंमत आहे. मी तो फोटो दुकानात टांगला. रिक्षावाले विचारत, "दादा, हा कोणी काढला?" मी सांगे, "व्याह्यांनी." पुढचं, म्हणजे तो काढला जात असताना मी बाकडं आत ओढत होतो, ते काही सांगत नसे.

त्या लेन्सची एक खोड होती. सहा फुटांच्या आतलं तिला काही दिसत नसे. सहा फुटांच्या आत माणूस आला, की त्याचा नुसता ढग होई. व्याह्यांनी ही खोड लेन्सपुरती न ठेवता स्वतःला लावून घेतली. बोलायचं तर सहा फुटांवरून, आशीर्वाद द्यायचा तर सहा फुटांवरून, वाकून नमस्कार करणाऱ्याला सहा फूट चालत यावं लागे, आणि तो आला की हे तेवढेच मागे सरकत. पुढे साथीच्या काळात सगळ्यांनाच एकमेकांपासून लांब उभं केलं तेव्हा ते म्हणाले, "उशिरा का होईना, लोकांना समज आली." नातीच्या बारशाला आमच्या पुढच्या खोलीत पाळणा, पाळण्याभोवती बायका आणि बायकांच्या मागे भिंत. व्याही कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे गेले, ते दारातून बाहेर, जिन्यावर, जिना उतरून रस्त्यावर आणि तिथून दिसेनासे झाले. आम्हाला वाटलं, रागावून धायरीला गेले. थोड्या वेळानं समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत नळी दिसली. कोणा अनोळखी बाईंची बेल वाजवून ते म्हणाले होते, "मला तुमच्या ओट्याशी थोडा वेळ उभं राहायचंय. समोर माझी नात आहे." बाईंनी उभं राहू दिलं, वर चहा दिला. तो फोटो बघाल तर आत्याचे ओठ बाळाच्या कानाला लागलेत आणि बाळाची एक मूठ आत्याच्या नथीकडे निघालीय. जणू काढणारा पाळण्यात बसला होता.

मी एकदा सहज म्हटलं, "पाहुणे, मलाही बघू द्या की त्यातून."

ते म्हणाले, "एक डोळा मिटावा लागतो, व्याहीबुवा. जमेल?"

सबंध आयुष्य एक डोळा मिटून सुया ओवण्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न. मी त्याच दिवशी ठरवलं, या नळीला डोळा लावणार नाही. आणि बारा वर्षं लावला नाही. सिंहगडावर गेलो, तेव्हा सगळ्या कुटुंबानं त्यातून खडकवासल्याचं पाणी बघितलं. मी पिठलं-भाकरी खाल्ली.

लेन्सचा शत्रू एकच, बुरशी. पावसाळ्यात काचेच्या आत ती जाळं धरते आणि मग सगळं धुरकट दिसतं, असं व्याही सांगत. त्यावर त्यांचा उपाय ऊन. धायरीत त्यांच्या फ्लॅटभोवती चारी बाजूंनी इमारती उठल्या, ऊन आलं तर समोरच्याच्या काचेवरून उलटून येई, म्हणून दर रविवारी ते बसनं बिबवेवाडीला येत, लेन्स आमच्या गच्चीवर वाळत घालत, जेवत आणि दुपारी ती उलटीपालटी करून संध्याकाळी घेऊन जात. मी तिला रिक्षाच्या हुडाच्या कापडाची जाड पिशवी शिवून दिली होती. एका उन्हाळ्यात आमच्या हिनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. व्याह्यांनी कुरडयांच्या मधोमध भांडी ठेवायची अडणी मांडली, अडणीवर लेन्स उभी केली, दोन्ही झाकणं काढली, आणि अडणीचे पाय गच्चीला घासू नयेत म्हणून खाली माझी टोपी घडी करून ठेवली. ऊन वरून आत गेलं आणि खालून निघालं. थोड्या वेळानं ही जिन्यातून ओरडली, "अहो, गच्चीवर तुमची टोपी कोणीतरी तळतंय." टोपीला रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून धूर निघत होता. मी व्याह्यांपुढे टोपी धरली. त्यांनी ती हातात न घेता नीट न्याहाळली आणि म्हणाले, "बुरशी मात्र हिला आता लागायची नाही."

टोपीवरून मी काही बोललो नाही. आमचं फाटलं ते तांदळावरून.

दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात त्यांच्या इमारतीची गच्ची गळायला लागली. कपाटापर्यंत ओल आली. ते लेन्स घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, कोरड्या जागी ठेवा. आमच्या घरात सर्वांत कोरडी जागा म्हणजे तांदळाची कोठी. तांदूळ ओल ओढून घेतात, हे त्यांनाही पटलं. लेन्स तिच्या चामड्याच्या डब्यात गेली, डबा माझ्या पिशवीत, पिशवी तांदळात. एवढंच, की आमचे तांदूळ वर्षाचे असतात आणि कीड लागू नये म्हणून ही त्यांना बोरिक पावडर चोळून ठेवते, जशी सगळ्यांच्या घरी ठेवतात. हे विचारायचं व्याह्यांना सुचलं नाही, सांगायचं आम्हाला सुचलं नाही. शिवाय डब्याचं गोल झाकण हिला फार आवडलं. मापाला बरं पडे. घरच्यांना तीन झाकणं, व्याही जेवायला असले की साडेतीन.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी लेन्स परत घेतली, गच्चीवर नेली, कॅमेऱ्याला लावली, पर्वतीच्या दिशेनं धरली आणि कडी चार वेळा मागेपुढे ओढली. मग म्हणाले, "पर्वती गेली."

लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, "मला तर नळीशिवाय दिसतेय. देवळाचा कळससुद्धा."

"तुमच्या डोळ्यांचं कौतुक नंतर करू. आत पांढरं धुकं आहे." त्यांनी डबा उघडला, बोट फिरवलं. बोटाला पावडर लागली. "हे काय आहे?"

हिनं सांगितलं.

"म्हणजे माझ्या लेन्सला तुम्ही किड्याची पावडर चोळलीत."

मी म्हटलं, "तांदळाला चोळली. तुमची लेन्स मध्ये आली."

"जिथे तांदूळ टिकतात तिथे काच टिकत नाही, हे मला कळायला हवं होतं. चूक माझीच. घर बघून ठेवायला हवी होती."

घर बघून. माझं घर. मी म्हटलं, "पाहुणे, त्याच कोठीतला भात तुम्ही दर रविवारी जेवताय. तुमच्या पोटात धुकं झालं का?"

ते तसेच जिना उतरून गेले. लेन्स घेऊन ते एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं ती पूर्ण उघडून बघितली आणि सांगितलं, काच स्वच्छ आहे, आत काही नाही. त्यावर व्याह्यांनी असा निष्कर्ष काढला, की दुरुस्तीवाल्यानं स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत.

त्यानंतर सवा वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही. म्हणजे ते रविवारी येत, लेन्सला ऊन दाखवत, जेवत. पण बोलणं सुनेमार्फत. "तुझ्या सासऱ्यांना सांग, पंखा कमी करा." "तुझ्या वडिलांना सांग, पंखा कमीच आहे." मी त्यांनी दिलेला फोटो काढून टाकला नाही, तेवढा काही मी हलका नाही. मी तो भिंतीकडे तोंड करून टांगला. रिक्षावाले विचारत, "दादा, फोटो उलटा का?" मी म्हणे, "फोटोला विचार." पण मी बोलायचा थांबलो तसे व्याही उलट जास्तच टोचायला लागले, असं मला वाटे. हिनं केलेला चहा कपात बघून विचारत, "दूध आहे का नुसतं?" चांगला लाल चहा असे. पेपरवाल्याला धरून म्हणत, "शाई कमी करा असा वरून हुकूम आहे का?" आमच्या घरात दिवा लागला, की म्हणत, "बिबवेवाडीला वीज पातळ येते वाटतं." भर बाजारात एकदा माझ्या समोरून, अगदी हातभर अंतरावरून गेले आणि ओळख दिली नाही. आता पुण्यात माणूस ओळख न देता पुढे गेला, तर त्याला दिसलं नसेल असं कोणी समजत नाही. मी तरी का समजावं? दुकानात आले तेव्हा तर कहर. भिंतीवर फ्रेमची नुसती पाठ, तपकिरी पुठ्ठा, त्याच्याकडे लांबून बघून भिंतीलाच म्हणाले, "फिका पडला हो फोटो." मला वाटलं, मी उलटा टांगलाय त्यावर मारलेला हा टोमणा. इतका खोल टोमणा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

सून एकदा जेवताना म्हणाली होती, "बाबा, एकदा डोळे दाखवून घ्या."

त्यांनी ताट सरकवलं. "डोळे माझे उत्तम आहेत. काच बिघडलीय. कोणी बिघडवली ते तुझ्या घरच्यांना विचार." मग शेजारच्या कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ते निघालं. "डोळ्यात प्लास्टिकचं भिंग बसवतात. मी घरात प्लास्टिकचा डबा ठेवत नाही." आणि हात धुऊन जे गेले, ते पुढचे दोन-तीन रविवार आले नाहीत. फोन उचलेनात. धायरीत एकटा माणूस, सूनबाईनं रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे परत आले. तेव्हापासून आमच्याकडे जेवताना डोळ्यांचा विषय कोणी काढत नाही.

गेल्या डिसेंबरात नातीच्या शाळेच्या स्पर्धा होत्या. नात आता तिसरीत आहे. धावायच्या शर्यतीत तिचं नाव होतं. मैदानात फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, दोरीमागे आईबाप आणि आजीआजोबा. मुलगा, सून पुढे गेले होते. मी आणि व्याही दोरीशी, मध्ये बरोबर सहा फूट. शिट्टी वाजली. पोरी सुटल्या. व्याह्यांनी डावा डोळा कॅमेऱ्याला लावला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत नळी फिरवत एका पोरीचे फोटो काढले. पोरगी पहिली आली. व्याह्यांनी कॅमेरा खाली केला, चेहरा फुललेला, आणि सवा वर्षात पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले, "धावली की नाही? माझ्यावर गेलीय."

नात माझ्या शेजारी उभी राहून बाटलीतून पाणी पीत होती. तिची शर्यत अजून व्हायची होती.

मी उत्तर शोधायला लागलो. सवयीनं आधी मनात हेच आलं, की हा टोमणा आहे. पण कोणाला? मला? नातीला? पहिल्या आलेल्या पोरीला? सगळीकडून फिरवून बघितला, तो टोमणा कुठेच बसेना. मी नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जा, तुझ्या बाईंकडे जा." ती गेली. तिचे आजोबा तिच्याकडे बघत होते आणि त्यांना ती दिसली नाही.

"हा धरा जरा," त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "पाणी पिऊन येतो. हात लावू नका कशाला."

ते नळाकडे निघाले. आणि मी बारा वर्षांचा निश्चय मोडून एक डोळा मिटला. जमायला काही जड गेलं नाही. कडी ओढली, दुसरी फिरवली, सुईच्या नाकाशी दोरा नेतो तशी अगदी हळू. आधी ढग, मग एकदम मैदानाच्या पार टोकाला बाईंजवळ उभी असलेली माझी नात. तिच्या कपाळावरचा घाम. डाव्या बुटाची सुटलेली नाडी. धुकं नाही, पावडर नाही, बुरशी नाही. धुतलेल्या आभाळासारखी काच. मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, जिंकलो. आमच्या कोठीवरचा, आमच्या घरावरचा दोष गेला.

त्याच आनंदात मी नळी व्याह्यांकडे वळवली. ते लांब गेले होते, पण हातभर अंतरावर असल्यासारखे दिसत होते. वाटेत जमिनीवर फक्कीची एक रेघ होती. त्यांनी ती पायरी समजून पाय उंच उचलला, आणि पाय सपाट जमिनीवर आदळल्यावर सावरून आजूबाजूला बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. नळापाशी जाऊन त्यांनी तळहातानं भिंत चाचपली, तोटी सापडेपर्यंत. चष्मा काढून तोंडावर पाणी मारलं आणि मान वर केली. डाव्या बुबुळात मधोमध पांढरं, तांदूळ धुतलेल्या पाण्याचा थेंब पडावा तसं. उजव्यातही तेच, थोडं कमी. बारा वर्षांत मी त्यांचे डोळे इतक्या जवळून बघितले नव्हते. त्यांनी बघूच दिले नव्हते. ते माझ्या दिशेनं थोडंसं हसले. बहुधा त्यांना मी कुठे आहे याचा अंदाज होता, एवढंच.

मी कॅमेरा खाली केला. शर्यतीत नात तिसरी आली.

संध्याकाळी सगळे आमच्या घरी. ही गवार मोडत बसलेली, सून चहा गाळत होती, मुलगा नातीच्या गुडघ्याला औषध लावत होता. व्याही दारातल्या खुर्चीवर, नेहमीच्या अंतरावर. मी सवा वर्ष या क्षणाची वाट बघितली होती, आणि साक्षीदारही सगळे हजर होते. तेवढ्यात त्यांनीच विषय काढला. "तुझ्या सासऱ्यांनी आज डोळा लावला नळीला. मी नळावर असताना. कडी मी ठेवली होती तिथे नव्हती. विचार त्यांना, काय दिसलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगावं, तर हा माणूस कॅमेरा उचलून जिना उतरणार, आणि या वेळी फोन किती दिवस उचलणार नाही ते कोणी सांगावं. आणि जिना तरी कसा उतरणार?

मी म्हटलं, "धुरकट दिसलं."

"पांढरं?"

"पांढरं."

"म्हणजे पावडर."

"पावडरच असणार."

"कबूल?"

हा शब्द माझ्या तोंडातून बाहेर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चहा उतू गेला असता. "कबूल."

व्याही खुर्चीत मागे टेकले. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. मी त्यांना ते थोडं उपभोगू दिलं. मग म्हटलं, "पण पाहुणे, मला हल्ली नळीशिवायही धुरकटच दिसतं."

हिचा हात गवारीवर थांबला. त्याच दिवशी सकाळी नातीच्या शर्टावर नंबर शिवायला सुई मीच ओवून दिली होती, एका फटक्यात. तिनं माझ्याकडे बघितलं, मग व्याह्यांकडे बघितलं, आणि पुन्हा खाली मान घालून गवार मोडायला लागली. जरा जास्तच बारीक.

व्याही उठले. चालत आले. सहा फूट ओलांडले आणि माझ्या इतके जवळ आले, की त्यांच्या चष्म्यात मला मी दिसलो. "कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि सुई?"

"अंदाजानं ओवतो."

ते माझ्याशेजारी खाटेवर बसले. मग म्हणाले, "हयगय करू नये अशी. सुईवरून तर मी..." पुढचं त्यांनी गिळलं. "उद्या सकाळी दाखवायला जायचं. मी येतो. तुम्हाला एकट्याला नाही झेपायचं."

"जायला काही नाही. पण भीती वाटते."

"कशाची?"

"प्लास्टिकच्या भिंगाची."

सून चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. व्याह्यांनी विचार केला. घसा साफ केला. "आता प्लास्टिक पूर्वीसारखं राहिलेलं नाही," ते म्हणाले. "चांगलं निघालंय."

"तुम्ही आधी दाखवलंत, तर मला धीर येईल."

"दाखवीन की. तुमच्यासाठी म्हणून." आणि कपात बघून सुनेला म्हणाले, "दूध कमी घाल जरा उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातला फोटो सुलटा केला, हिचा जुना चष्मा नाकावर चढवला, ज्यातून मला खरोखरच काही दिसेना, आणि व्याह्यांबरोबर रिक्षात बसून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंना हळूच सांगितलं, नावं दोन लिहा, पहिलं त्यांचं. आत जाताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. दाराशी फरशीवर एक पांढरा पट्टा ओढलेला होता. तिथे ते थांबले आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "जपून हं व्याहीबुवा, पायरी आहे."

पायरी नव्हती. मी पाय उचलला.